गाव खूश ठेवणारे आबा

आबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका नवरदेवाचं नाव चुकवत होतो.

मंचरजवळच्या एका लॉन्सवर लग्न होतं आणि मी निवेदक. निवेदक म्हणजे स्टेजच्या कोपऱ्यात शेरवानी घालून उभा राहणारा माणूस. शुभाशीर्वाद द्यायला कोण कोण आलंय त्यांची नावं घ्यायची, मधूनच चारोळी मारायची, अक्षता पडल्या की लोकांना जेवणाकडं वळवायचं. दाट तिथीला दिवसात दोन लग्नं पदरात पडतात. सकाळचं उरकून मी धावतपळत मंचरला आलो होतो आणि डोक्यात सकाळचीच जोडी बसलेली होती. मंगलाष्टकांच्या आधी मी अतिशय भावुक आवाजात जाहीर केलं की आता थोड्याच वेळात अमुकरावांच्या गळ्यात वरमाला पडणार आहे. अमुकराव सकाळचे. त्यांच्या गळ्यात ती पडून, काढून, एव्हाना गाडीच्या बॉनेटवर गेली होती.

नवरीचे मामा स्टेजवर चढले. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून विचारलं, "हा अमुक कोण?" नवरीनं आईकडं पाहिलं. मी सावरायला गेलो आणि घाईत नवरीचंही सकाळचंच नाव घेतलं. पुढं काय झालं ते मी मांडवाच्या पडद्यामागून ऐकलं.

तिथंच एक सडपातळ म्हातारा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चेहरा असा की आत्ताच कुणाच्या तरी दहाव्याहून आलाय. मला वाटलं, हा मारायला आलेला पहिला माणूस. त्यानं खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"आदी तोंडात टाक," तो म्हणाला. "लई भारी काम केलंस."

"चुकलं हो काका."

"चुकलं कुटं? पोरीच्या बाजूनं भात माझ्याकडं व्हता. भात संपला. दुसरा शिजून वाढून झाला. येवढ्या मांडवात एका तरी माणसाला कळलं का? समदी तुझ्याकडं बगत व्हती."

हे आबा. पिंपळवंडीच्या अलीकडच्या का पलीकडच्या एका गावाचे ते सरपंच होते. अलीकडच्या की पलीकडच्या ते मी सांगणार नाही, कारण मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं. त्याच दिवशी त्यांनी मला गावच्या कार्यक्रमांसाठी बांधून घेतलं. पुढची काही वर्षं त्या गावात माइक हातात घेतला तो मीच, आणि का घेतला ते मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, गावाला माझा आवाज आवडतो.

आबांना स्वतःला करमणुकीतलं काही कळत नव्हतं. गाण्यातलं त्यांना एवढंच समजायचं की ते सुरू झालंय किंवा संपलंय. क्रिकेटच्या मॅचेस भरवायचे, पण चेंडू नेमका कुठं आहे हे त्यांना कधी दिसलं नाही. ऑर्केस्ट्राला पहिल्या रांगेत बसायचे ते कानात कापसाचे बोळे घालून, आणि शेजारी बघून टाळ्या वाजवायचे. शेजारी एकदा डास मारत होता, तेव्हाही वाजवल्या. गोड खायचे नाहीत, पण खिसा लिमलेटच्या गोळ्यांनी कायम फुगलेला. कुणी तक्रार घेऊन आला की त्यानं तोंड उघडायच्या आत हातावर गोळी. गोळी तोंडात असताना माणसाला नीट भांडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बायकोशी करून पाहिलंय. खरं आहे. फक्त गोळी तिच्या तोंडात पाहिजे, माझ्या नव्हे.

गाव चालवायची त्यांची एक पद्धत होती. गटार तुंबलं की टेनिस बॉलच्या मॅचेस. वीज मंडळाचा डीपी जळाला की ऑर्केस्ट्रा. नळाला पाणी येईना झालं की देवदर्शनाची बस. ही बस ते मनापासून काढायचे. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना खिडकीची जागा, गाडी लागणाऱ्यांना लिंबू, गुडघे दुखणाऱ्यांना पायरीशी उचलून घ्यायला दोन तरणे गडी. परत आल्यावर म्हाताऱ्या आबांच्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि कोरडा हंडा घेऊन विहिरीकडं जायच्या.

"गाव म्हंजी पाळण्यातलं पोर," आबा म्हणायचे. "ते रडल्यावं खुळखुळा वाजवून उपेग न्हाई. रडायच्या आदी वाजवायचा."

गावही काही कमी नव्हतं. पारावर नवं पोस्टर लागलं की म्हातारी माणसं ते न वाचताच विचारायची, "आता काय बिगाडलं रं?" एकदा वरच्या आळीतले लोक टाकी गळते म्हणून तावातावानं आबांच्या ओट्यावर गेले आणि तासाभरानं लावणीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवून परत आले. टाकीचं बोलायचं राहिलं हे त्यांना कार्यक्रम संपल्यावर आठवलं. मग पुन्हा जायचं, तर आबा लगेच दुसरा कार्यक्रम देतील, म्हणून त्यांनी ते थोडे दिवस शिल्लक ठेवलं.

तरण्या पोरांसाठी फुकट वायफाय होतं. ते रोज चालायचं नाही. ग्रामसभेच्या दिवशी सकाळी चालू व्हायचं आणि सभा संपली की बंद. रेंज मिळायची ती मारुतीच्या देवळामागच्या भिंतीपाशी. देवळाच्या सभामंडपात सभा, भिंतीच्या मागं ओळीनं उकिडवी बसलेली पोरं, मध्ये विटेची एक जाडी. स्वतः आबांकडं मात्र बटणांचा फोन. मी विचारलं, आबा, तुम्ही का नाही घेत मोठा फोन? तर म्हणाले, "त्यात डोकं घातलं का मान खाली ऱ्हाती. आपुन ती घालायची नसती, घालायला द्यायची असती."

आता ग्रामसभेचं थोडं सांगतो, म्हणजे आबांची कारागिरी कळेल. ग्रामसभेला ठरावीक माणसं हजर असावी लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. पण तीच तहकूब सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नसते. तेव्हा आबा काय करायचे, तर ग्रामसभेच्या दिवशी, ग्रामसभेच्याच वेळेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला माझा कार्यक्रम. सभेला कोण येणार? ग्रामसेवक, शिपाई आणि सावलीला पडायला आलेले दोन म्हातारे. सभा तहकूब. आबा घरी जाऊन शांतपणे भाकरी खायचे, परत यायचे, आणि मग त्याच चौघांसमोर ठराव एकमतानं मंजूर. कोणावर जबरदस्ती नाही, कुणाला अडवलं नाही. दार सताड उघडं. फक्त पलीकडं गंमत चाललेली.

"आबा," एकदा स्कूटरवर मागं बसलेल्या आबांना मी विचारलं, "आपला कार्यक्रम दरवेळी ग्रामसभेच्याच दिवशी कसा येतो?"

"चांगला दिवस आसतो."

"आणि लोकांनी सभेला येऊन प्रश्न विचारले तर काय बिघडेल?"

दोन स्पीडब्रेकर गेले.

"उत्तरं द्यावी लागत्याल," ते म्हणाले.

माझ्या प्रेक्षकांत सगळ्यात पहिल्या रांगेतली बाई म्हणजे हौसाबाई. साठीची, काटक, आवाज असा की मला माइक लागतो याची लाज वाटावी. तिच्याकडं शेळ्या होत्या, आणि शेळ्यांच्या पाठोपाठ तिला खेळांची हौस. माझ्या कार्यक्रमांत तिनं घमेलं जिंकलं होतं, थर्मास जिंकला होता, चहाचे कप दोनदा जिंकले होते. पैठणी मात्र दरवेळी हुकायची. फुगा फुगवायच्या फेरीत तिला खोकला यायचा.

तिचं घर गायरानाच्या कडेला. मी कार्यक्रमाचं ठरवायला गावात आलो की स्कूटर तिच्या दारात लावायचो, आणि ती शेळीच्या दुधाचा चहा पाजायची. तशीच एकदा चहा पिताना ती म्हणाली, "गायरानात आबाचा पुतन्या लॉन काडतोय म्हनं. लग्नाचं. ठराव करनारेत."

"बरं होईल," मी म्हणालो. लॉन्स म्हटलं की मला माझा धंदा दिसतो.

"काय बरं व्हईल? शेळ्या कुटं न्यू मी?"

"दुसरीकडं नाही का चारता येत?"

तिनं माझ्याकडं दया आल्यासारखं पाहिलं आणि हात लांब करून दाखवलं. गायरान सोडलं तर चारी बाजूंनी ऊस. आमच्या जुन्नर-आंबेगावात ऊस म्हणजे बिबट्याचं घर. तो डोंगरात कमी आणि उसात जास्त. तिथंच जन्मतो, तिथंच पोरं वाढवतो.

"मागल्या पावसाळ्यात येक डाव उसाच्या कडंनी नेली व्हती," ती म्हणाली. "गाभन शेळी व्हती. मी वरडायला तोंड उघडलं तवर ऊस हालून परत गप झाला व्हता. जनू काय झालंच न्हाई. उद्या शेळीच्या जागी मी आसंल. हितं गायरानात कसं, पार त्या टेकाडापातुर उगडं दिसतं. कुत्रं आलं तरी कळतं."

"मग हे ग्रामसभेत बोला ना," मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो.

"कवा आसती?"

"येत्या सोमवारी. अकराला."

"सोमवारी अकराला तुजा पैठनीचा खेळ न्हाई का?"

इथं खरं तर माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं. मी काय म्हणालो, तर, "हो, हो. वेळेवर या. यंदा फुग्याची फेरी नाही."

सोमवार उजाडला. शाळेच्या मैदानावर मांडव, दोनेकशे बायका, आणि स्टेजवर खुर्चीत ठेवलेली मोरपंखी पैठणी. बायका माझ्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होत्या. साउंड आणि जनरेटर जुन्नरच्या इक्बालभाईंचा. इक्बालभाई म्हणजे फार थोडं बोलणारा माणूस. त्यांनी मला आदल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, की येताना नारायणगावातून डिझेल घेऊन या.

पहिला अर्धा तास झकास गेला. सुरुवातीला मी नेहमी चिमणी भुर्र घेतो. लहान पोरांचा खेळ, पण बायका त्यात अशा रंगतात की बघत राहावं. मी म्हणायचं, "चिमणी भुर्र," सगळ्यांचे हात वर. "पोपट भुर्र," हात वर. आणि मध्येच "म्हैस भुर्र." म्हैस उडत नाही, तेव्हा हात खालीच पाहिजे. वर गेला तो बाद. मी तो इतक्या वेळा आणि इतक्या भरभर घेतला की शेवटी बायकांचे हात त्यांच्या डोक्याला विचारायचेच बंद झाले होते.

मग जनरेटरनं दोन उचक्या दिल्या आणि गप झाला.

"डिझेल?" इक्बालभाई म्हणाले.

डिझेलचा कॅन माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ आला. नारायणगावात, पंपावर, जिथं मी ओळखीच्या माणसाबरोबर सेल्फी काढण्यासाठी तो खाली ठेवला होता.

मांडवात पंखे बंद, डोक्यावर ऊन, बायका पदरानं वारा घ्यायला लागलेल्या. एकदोन जणी उठल्या. निवेदकाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती उठणाऱ्या पहिल्या बाईची. मी शाळेच्या फाटकातून बाहेर धावलो, गाव ओलांडून पार दुसऱ्या टोकाला आलो आणि समोर मारुतीचं देऊळ दिसलं. मोठा सभामंडप, थंडगार फरशी, इन्व्हर्टरवर फिरणारे पंखे, भिंतीला प्लग. आत चार माणसं. दोघं म्हातारे आडवे झालेले, एक शिपाई, आणि सतरंजीवर एकटाच बसलेला एक गृहस्थ हातातल्या कागदानं वारा घेत होता. आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का ही ग्रामसभा आहे? नाही कळलं. ग्रामसभेत माणसं असतात, अशी माझी समजूत होती.

मी परत जाऊन बिनमाइकचा ओरडलो, "पुढची फेरी मारुतीच्या देवळात."

दोनशे बायका पैठणीच्या मागोमाग निघाल्या. पैठणी माझ्या डोक्यावर होती. गावातल्या पुरुषांना वाटलं देवळात काही प्रसाद आहे, तेही आले. वायफायवाली पोरं भिंतीमागून डोकावली. म्हातारे उठून बसले. कागदवाले गृहस्थ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते ग्रामसेवक. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. बिचाऱ्यांनी नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्या गावची भरलेली ग्रामसभा पाहिली नव्हती.

"अहो, इथं सभा आहे," ते कुजबुजले. "तहकूब आहे. आबा जेवायला गेलेत. तुम्ही या सगळ्यांना का आणलंत?"

तेवढ्यात आबा आलेच. दारातून त्यांनी मंडपभर नजर फिरवली. दुसरा कुणी असता तर माझ्या अंगावर आला असता. आबा क्षणभर थांबले, चपला नीट जोडून ठेवल्या, आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "बरंच झालं. आता ठराव भरल्या सभंत व्हईल. कुनी नाव ठिवायला नगं."

"पण आबा, लोक विचारतील."

"इचारत न्हाईत. खेळ थांबवू नगंस. मदीच भाऊसायब वाचत्याल. हात वर म्हनलं का बाया हात वर करत्याल. तूच सवय लावलीयास की. मंग तू म्हनायचं, जोरदार टाळ्या. आन् फायनल."

मला सांगायला हवं की त्या क्षणी मला आबांचं कौतुकच वाटलं. घाबरलो होतो, हौसाबाईची गाभण शेळी आठवत होती, आणि तरी मनात आलं, काय डोकं आहे या माणसाचं. मी माइक जोडला. फायनलला दोन बायका निवडल्या होत्या. त्यातली एक हौसाबाई. ती स्टेजच्या, म्हणजे देवळाच्या पायरीवर पैठणीच्या अगदी शेजारी उभी होती आणि एका बोटानं काठाला हात लावून बघत होती.

मी पुन्हा दोनचार वेळा चिमणी, पोपट, घार केलं. मंडप हसत होता. आबांनी भाऊसाहेबांना डोळ्यांनी खूण केली. भाऊसाहेबांनी माझ्या हातातला माइक ओढून घेतला आणि एका दमात वाचलं, की मौजे अमुक येथील गट नंबर तमुक मधील क्षेत्र सार्वजनिक उपयोगाच्या सभागृह व तत्सम प्रयोजनार्थ उपलब्ध करून देण्यास ही ग्रामसभा सर्वानुमते मान्यता देत असून, "मान्य असल्यास हात वर."

सगळे हात वर गेले. दोनशे बायका, त्यांचे नवरे, भिंतीमागची पोरं. म्हाताऱ्यांपैकी एकानं दोन्ही हात वर केले. आणि पायरीवर, पैठणीशेजारी, सगळ्यांत उंच गेला तो हौसाबाईचा हात.

भाऊसाहेबांनी माइक माझ्याकडं दिला. मला म्हणायचं होतं, जोरदार टाळ्या. पण समोर इतके हात वर दिसले की माझी जीभ सकाळपासूनच्या वाटेनं निघून गेली.

"म्हैस भुर्र," मी म्हणालो.

सगळे हात झपकन खाली आले.

लोक मला अजून विचारतात, तू मुद्दाम केलंस का? मी हो म्हणतो. इतक्या वर्षांत एकदा तरी आपल्याला मुद्दाम काही जमलं, असं लोकांना वाटलं तर वाटू द्यावं. पण खरं सांगतो, अमुकरावांच्या वेळी माझ्या तोंडाला जे झालं होतं तेच इथं झालं.

भाऊसाहेब गोंधळले. वर गेलेले हात मोजायचे की खाली आलेले? ते आबांकडं बघायला लागले. आणि भाऊसाहेब गोंधळलेले पाहून हौसाबाईला शंका आली. खेळात भाऊसाहेब का गोंधळतील?

"भाऊसायब," ती म्हणाली, "आता काय वाचलं तुमी?"

"ठराव."

"ते कळलं. कशाचा? आमच्या भाषेत सांगा."

भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले, "गायरानाचा."

आबा पुढं झाले. चेहरा तोच, दहाव्याहून आल्यासारखा, पण आवाजात लिमलेटची गोळी. "हौसा, आगं ते निवांत बोलू. आदी फायनल खेळ. पैठनी घे. दरसाल तुझी हुकती, मला बरं वाटत न्हाई."

हौसाबाईनं पैठणीकडं पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं. दुसरी फायनलवाली तर दोरीउड्या मारायच्या तयारीत पदर खोचून उभी होती. मागून कुणी बाई ओरडली, "खेळ गं हौसामावशे, गायरान काय पळून जातंय?" आणि दोघीतिघी हसल्या. मी सांगतो, त्या वेळी गायरान गेलंच होतं. इतकं सोपं होतं सगळं. पैठणी हाताला लागत होती.

"आबा," हौसाबाई म्हणाली, "ही नेसून उसात जाऊ व्हय शेळ्या घिऊन?"

तिनं पैठणीचा काठ उचलून सगळ्यांना दाखवला.

"न्हाई म्हंजी, बिबट्याला बी जरा बरं वाटंल. त्याला कोन दावतंय मोरपंखी."

आधी एक हसली, मग सगळा मंडप. पण त्या हसण्यात काहीतरी वेगळं होतं, कारण ते आबांनी आणलेलं नव्हतं. हसू ओसरल्यावर ज्या बाईनं गायरान कुठं पळतंय म्हटलं होतं तीच उठली आणि म्हणाली, "माझ्या बी दोन शेळ्या हायेत की." तिच्यामागं आणखी एक. मग एकानं टाकीचं काढलं. वरच्या आळीवाल्यांनी शिल्लक ठेवलेली ती टाकी. मग गटार, डीपी, अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर. भिंतीमागच्या एका पोरानं विचारलं, वायफाय रोज का नाही? आबा मधोमध उभे, खिशात हात घालून गोळ्या वाटत होते. पण बायका गोळी पदराला बांधायच्या आणि बोलत राहायच्या.

दिवस कलला तेव्हा भाऊसाहेबांनी लिहून घेतलं, की लॉन्सचा ठराव नामंजूर, आणि गायरानाचं काय करायचं ते पुढच्या सभेत. पैठणी पायरीवर तशीच पडून होती. फायनलचं कुणाच्या लक्षातच नव्हतं, फक्त दुसरी फायनलवाली मधूनमधून माझ्याकडं रागानं बघत होती. शेवटी तिला देऊन टाकली. हौसाबाईला विचारलं तर म्हणाली, "दे तिलाच. दोरीउड्यात मी न्हायतरी पडलेच आस्ते."

लोक गेल्यावर आबा देवळाच्या पायरीवर बसले. मी शेजारी उभा. आता आपलं काम गेलं, हे मला दिसत होतं. आबांनी कानात करंगळी घालून हलवली.

"माझा बाप सरपंच व्हता," ते म्हणाले. "आसंच गटाराचं काय तरी निगालं. ह्याच देवळात. शब्दानं शब्द वाढला आन् कुनी तरी काठी घातली बापाच्या डोक्यात. मी हितंच बसलो व्हतो, ह्या पायरीला. तवाच ठरीवलं, गावात भांडान म्हनून व्हऊ द्यायचं न्हाई. लोकं हसत आसली का काठ्या हातात न्हाई घेत."

"मग पुतण्याचं लॉन?" मी विचारलं.

"ते मागनं आलं," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते ओशाळल्यासारखे वाटले. "लोकं गप बसायला लागली का आपल्याला बी सवय व्हती. आज आपुन एवढं मागितलं, कुनी बोललं न्हाई. मंग उद्या थोडं आजून." मग म्हणाले, "आज दुपारपास्नं भांडत्यात. काठी कुनी घेतली न्हाई."

उठताना त्यांनी चपला शोधल्या. त्या गर्दीत कुणाच्या तरी पायात गेल्या होत्या. अनवाणी निघाले, आणि चार पावलांवर थांबून म्हणाले, "पुडच्या सभंला ये."

"माइक घेऊन?"

"माइक नगं. नुसता बस."

मी गेलो. शेरवानीशिवाय मला कुणी ओळखलंही नाही. सभामंडप भरलेला, पोरं भिंतीच्या आत, आबा मधल्या खुर्चीत. कान उघडे. एकेक जण उठायचा आणि त्यांना काहीतरी सुनवायचा, आणि ते उत्तरं द्यायचे. उत्तरं काही फार चांगली नव्हती. टाकीच्या वेळी तर त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मला, खरं सांगू, कंटाळा आला. मध्ये एखादी चारोळी तरी असावी, असं सारखं वाटत होतं, आणि त्या कंटाळ्यातच माझा डोळा लागला.

जाग आली ती भाऊसाहेबांच्या आवाजानं. गायरान शेळ्यामेंढ्यांना चरायला कायम मोकळं ठेवायचं, मान्य असणाऱ्यांनी हात वर. या वेळी हात एकदम गेले नाहीत. एकेक बाई शेजारणीशी काहीतरी बोलायची, मान हलवायची, मग हात वर करायची. हौसाबाईचा हात सगळ्यांत शेवटी गेला, कारण ती आधी बाकीच्यांचे बघत होती. मीही झोपेतून उठून उत्साहानं हात वर केला.

हौसाबाईनं वळून माझ्याकडं पाहिलं. "तू कुटं ह्या गावचा? खाली घे."

मला वाटलं आबा सांभाळून घेतील. आबांनी टोपी सरळ केली, भाऊसाहेबांकडं वळले आणि म्हणाले, "त्या माइकवाल्याचा सोडून मोजा. आन् सावकाश मोजा."